नळाला पाणी आहे, पण धरणात किती? केसगळती, लोह आणि थायरॉइड

सकाळचे पावणेसात. सिडकोतलं दुसऱ्या मजल्यावरचं घर. मी दंडाला पट्टा बांधायच्या आधीच त्या ताईंनी कपाटातून एक डबा काढून माझ्यापुढे ठेवला. आत कागदाच्या सात पुड्या, प्रत्येकीवर वार लिहिलेला. प्रत्येक पुडीत त्या त्या दिवशीचं गुंतवळ.

"रविवारी न्हाले ना, त्या दिवशी दोनशे अकरा होते. मोजलेत मी."

मी एक केस उचलून खिडकीच्या उजेडात धरला. टोकाला मोहरीपेक्षाही कितीतरी लहान अशी पांढरी गाठ होती.

"तेच म्हणते मी, मुळासकट येतायत. मूळच गेलं तर परत कुठून उगवणार?"

मी डॉक्टर नाही. गेली चौदा वर्षं नाशिकमध्ये घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. पण हा प्रश्न मला इतक्या घरांत विचारला गेलाय, आणि त्यापायी बायकांना इतकं रडताना पाहिलंय, की जे डॉक्टरांकडून शिकले आणि स्वतःच्या अंगावर अनुभवलं, ते एकदा नीट लिहून काढावं असं वाटलं.

सुरुवात त्या पांढऱ्या गाठीपासून. ती मूळ नाही. केस तयार करणारा कारखाना टाळूच्या आत, कातडीखाली असतो आणि केस गळला तरी तो जागच्या जागी राहतो. आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग वाढ थांबते, मग सुमारे तीन महिने तो नुसता बसून राहतो आणि शेवटी गळतो. त्याच जागी नवा उगवतो. वाढ थांबलेल्या केसाचं आतलं टोक बंद होऊन गोल होतं, तीच ती पांढरी गाठ. म्हणजे गाठ दिसणं याचा अर्थ केस आपली मुदत संपवून निघालाय. एरवी शंभरातले पंचाऐंशी-नव्वद केस वाढीच्या काळात असतात आणि बाकीचे बसलेले. म्हणून दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं हे निरोगी माणसाचंही असतं. आठवड्यातून एकदाच न्हाणाऱ्या बाईचे आधीच सुटलेले, पण डोक्यात अडकून राहिलेले केसही त्या दिवशी एकदम निघतात, त्यामुळे रविवारचा आकडा घाबरवणारा दिसतो.

गाठ नसलेला केस मात्र तुटलेला असतो. स्ट्रेटनिंग, गरम ड्रायर, करकचून बांधलेला अंबाडा, यांनी केस मधूनच तुटतात. पाथर्डी फाट्याकडच्या नव्या इमारतींत राहायला गेलेल्या किती जणी मला सांगतात, "बोअरचं पाणी लागलं आणि केस गेले." जड पाण्याने केस राठ होतात, गुंततात, तुटतात हे खरं. पण ते पाणी वरून वाहून जातं. कातडीखालच्या कारखान्याला टाळं लावणं त्याच्या हातात नाही. रामकुंडावर मुंडन केलेल्यांचे केस पुन्हा पूर्वीसारखेच येतात, दाट येत नाहीत की पातळही येत नाहीत, त्याचं कारणही हेच. केसाचं काय व्हायचं ते आत ठरतं.

आणि आत बिघाड होतो तेव्हा तो लगेच दिसत नाही. इथेच बहुतेक जणी चुकीच्या गोष्टीला दोष देतात. शरीराला मोठा धक्का बसला की एरवी दहा-पंधरा टक्के केस बसलेले असतात, त्याऐवजी एकदम तीस टक्केही बसू शकतात. डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण, ऑपरेशन, उपाशी राहून महिन्यात आठ किलो कमी करणं, असा कुठलाही धक्का. बसलेला केस गळायला दोन-तीन महिने जातात. म्हणजे गणपतीत डेंग्यू झाला तर केस गळायला लागतात दिवाळीनंतर, आणि दोष जातो दिवाळीत आणलेल्या नव्या शाम्पूला. पिंपळगावच्या एका द्राक्ष बागायतदारीणबाईंना हे मी सांगितलं, तर त्यांनी मला अर्ध्यातच थांबवलं. "कळलं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत घड भरतो. तेव्हा काही बिघडलं तर ते दिसतं ऑक्टोबरच्या छाटणीनंतर, फूट निघते पण घड नसतो. तोपर्यंत नुसती हिरवी बाग बघत बसायचं." याहून नेमकं मला आजवर सांगता आलेलं नाही.

डेंग्यूनंतर किंवा बाळंतपणानंतर गळणारे केस बहुतेक वेळा सहा-आठ महिन्यांत आपोआप सावरतात. पण आजारपण नाही, बाळंतपण नाही आणि वेणी मात्र वर्षभरात निम्म्यावर आली, असं असेल तेव्हा दोन गोष्टी आधी तपासायला हव्यात: लोह आणि थायरॉइड. दोन्ही एकत्र. एकीचाच कागद बघून थांबलात तर गाडी अर्ध्या वाटेत अडकते, हे मी पुन्हापुन्हा पाहिलंय.

लोहाचा सगळ्यात मोठा घोळ 'हिमोग्लोबिन बारा आहे, म्हणजे लोह चांगलं आहे' या एका वाक्यात आहे.

नाशिककरांना हे समजवायला मी गंगापूर धरणाचं उदाहरण देते. दर उन्हाळ्यात पेपरात धरणातल्या साठ्याची टक्केवारी छापून येते. साठा घटत जातो, पण आपल्या नळाला पाणी येत असतं, म्हणून आपण निवांत असतो. नळ आटतो सगळ्यात शेवटी. शरीरात हिमोग्लोबिन म्हणजे नळाचं पाणी. रक्तातल्या लाल पेशींत बसून ते प्राणवायू वाहून नेतं, आणि अंगातल्या तीन-चार ग्रॅम लोहापैकी जवळजवळ दोन तृतीयांश तिथेच असतं. उरलेलं यकृतात, अस्थिमज्जेत साठवलेलं असतं. त्या साठ्याचा अंदाज देणारी तपासणी म्हणजे फेरिटिन. लोह कमी पडायला लागलं की शरीर आधी साठा उपसतं आणि हिमोग्लोबिन टिकवून धरतं. त्यामुळे हिमोग्लोबिन साडेबारा आणि फेरिटिन नऊ, असे कागद मी दर आठवड्याला बघते. नळ चालू, धरण कोरडं.

आता धरणात पाणी कमी असलं की कपात कुणाची होते? आधी बागांची, प्यायच्या पाण्याची सगळ्यात शेवटी. शरीरही तसंच वागतं. हृदय, मेंदू, स्नायू यांना हात लावत नाही. केसाच्या मुळाशी असलेल्या पेशी शरीरातल्या सर्वांत वेगाने वाढणाऱ्या पेशींपैकी आहेत, आणि पेशीला दुभंगण्याआधी नवं डीएनए बनवताना लोह लागतंच. पण केसांवाचून जीव जात नाही. म्हणून पहिली कपात केसांवर.

आकडे सांगायचे तर, जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया, आणि निरोगी प्रौढ माणसाचं फेरिटिन १५ च्या खाली गेलं की लोहाची कमतरता. पण बरेच डॉक्टर ३० च्या खालीच साठा कमी धरतात, आणि केसांचे डॉक्टर तर अनेकदा ४० ते ७० पर्यंत न्यायला बघतात. या शेवटच्या आकड्यावर त्वचारोगतज्ज्ञांचं एकमत नाही. लोह आणि केसगळती यांचा संबंध काही अभ्यासांत ठळक दिसला, काहींत नाही. तरी मला सांगावंसं वाटतं की लॅबच्या कागदावर खालची मर्यादा अनेकदा दहा-पंधराच्या आसपास छापलेली असते. त्यामुळे १६ आलं की शेजारी खूण नसते, ठळक अक्षर नसतं, आणि बाई "सगळं नॉर्मल आलं" म्हणून कागद घडी घालून ठेवते. तो कागद डॉक्टरांना दाखवा. खूण नाही म्हणून घडी घालू नका.

फेरिटिनची आणखी एक गंमत नाही, अडचण आहे. ताप, जंतुसंसर्ग, कुठलीही सूज असली की ते खोटं वर चढतं. डेंग्यूत तर ते शेकड्यांत जातं. म्हणून तापातून उठल्या उठल्या हे तपासून "लोह भरपूर आहे" असं समजू नये. चार-सहा आठवडे जाऊ द्यावेत.

साठा रिकामा का होतो, याचं उत्तर बहुतेक घरांत एकच असतं, आणि त्याबद्दल बोलायला सासूसमोर, नवऱ्यासमोर संकोच वाटतो. मी म्हणून स्वयंपाकघरात पाणी मागायच्या निमित्ताने विचारते. पाळीत किती दिवस जातं? गाठी पडतात का? रात्री उठून पॅड बदलावं लागतं का? एक मिलीलीटर रक्ताबरोबर सुमारे अर्धा मिलीग्रॅम लोह जातं. नेहमीच्या पाळीत तीस-चाळीस मिलीलीटर रक्त जातं, म्हणजे पंधरा-वीस मिलीग्रॅम लोह. ८० मिलीलीटरच्या वर गेलं तर महिन्याला ४० मिलीग्रॅमहून जास्त. दर एक-दोन तासांनी पॅड बदलावं लागणं, सात दिवसांहून जास्त चालणं, मोठ्या गाठी पडणं, हे "बायकांचं असतंच" या सदरात टाकायचं नाही. गर्भाशयात फायब्रॉइड म्हणजे साधी गाठ असेल, तांबी बसवलेली असेल, थायरॉइड असेल, कारण शोधून निघतं.

जमेची बाजू बघा. आपलं आतडं दिवसाला एखाद-दुसरा मिलीग्रॅमच लोह आत घेतं, कमतरता असली तर थोडं जास्त. फेरिटिनचा एक आकडा म्हणजे साठ्यात साधारण आठ ते दहा मिलीग्रॅम लोह. नऊवरून पन्नासवर जायचं तर तीन-चारशे मिलीग्रॅम नुसते साठ्यातच भरावे लागतात, आणि दर महिन्याची गळती त्यातून वजा. हा हिशेब कळला की महिनाभर बीट खाऊन काही होत का नाही ते कळतं. बीटाचा रंग लाल आहे, त्यात लोह फारसं नाही. आपले नाशिकचे काळे मनुके मला फार आवडतात, पण भिजवलेल्या दहा मनुक्यांत अर्धा मिलीग्रॅमसुद्धा लोह नसतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये बाईच्या रोजच्या जेवणात २९ मिलीग्रॅम लोह हवं असं ठरवलंय, पुरुषाच्या १९. बाईला दहा मिलीग्रॅम जास्त लागतात आणि घरात सगळ्यांचं जेवून झाल्यावर उरलेली भाजी तिच्या ताटात पडते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला. फेरिटिन मोजलं असतं तर त्याहून जास्त जणींचं धरण कोरडं निघालं असतं, याबद्दल मला शंका नाही.

आणखी एक खूण सांगते, कारण ती मुली लपवतात. एका घरी बारावीतल्या मुलीचं सॅम्पल घ्यायला गेले होते. उशीखालून पाटीवरच्या पेन्सिलींचा बॉक्स डोकावत होता. बारावीत पाटी कुठली? आई चहा करायला आत गेली तेव्हा तिने हळूच सांगितलं, "मी खाते. राहवत नाही." पेन्सिल, माती, कच्चे तांदूळ, बर्फ खावासा वाटणं ही लोह कमी असल्याची जुनी, ओळखीची खूण आहे. ती वाईट सवय नाही आणि त्यावर ओरडून काही होत नाही. लोह भरून आलं की ती ओढ बहुतेक वेळा आपोआप जाते. त्या मुलीचं फेरिटिन ५ आलं होतं.

आता थायरॉइड. गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी. शरीराचा वेग ती ठरवते. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी तिला टीएसएच नावाचा निरोप पाठवते. थायरॉइड मंद झालं की निरोप वाढतो, म्हणून टीएसएच वाढलं म्हणजे थायरॉइड कमी पडतंय. उलटं वाटतं, पण हाक मारूनही कुणी उठत नसेल तर आपण आवाज चढवतो, तसंच हे. साधारण ०.४ ते ४ च्या दरम्यान आकडा असावा. थायरॉइड मंद होण्याचं एक मोठं कारण म्हणजे शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा त्या ग्रंथीवर हल्ला करते. हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी १९१२ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून त्यांचंच नाव त्या आजाराला आहे.

थायरॉइड मंद झालं की केसांच्या मुळांचा वेगही मंदावतो. जास्त केस बसून राहतात आणि नवा केस उगवायला वेळ लावतो. केस कोरडे, राठ होतात, भुवयांचं बाहेरचं टोक विरळ होतं. सोबत थकवा, बद्धकोष्ठ, चेहऱ्यावर सूज, आणि थंडी सहन न होणं. नाशिकची जानेवारीतली थंडी सगळ्यांनाच बोचते, पण मार्चमध्येही स्वेटर घालून बसलेली बाई दिसली की माझ्या मनात टीएसएच येतं. थायरॉइड जास्त चाललं तरीही केस गळतात. मात्र टीएसएच ५ किंवा ६ आलं की सगळी केसगळती त्याच्याच माथी मारू नये. इतक्या थोड्या वाढीत डॉक्टर बरेचदा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात, कारण काही वेळा ते आपोआप खाली येतं.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग आता येतो. या दोन गोष्टी एकमेकींचे पाय ओढतात. थायरॉइडचं हार्मोन बनवणारं जे मुख्य एन्झाइम आहे, त्याच्या पोटातच लोह असतं. लोह कमी पडलं की ते एन्झाइम लंगडं होतं. उलट थायरॉइड मंद झालं की पाळी जास्त जाते, पोटातलं ॲसिड कमी होऊन अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही, आणि अस्थिमज्जाही आळसावते. हाशिमोतोच्या आजारात कधी कधी जठराच्या किंवा आतड्याच्या अस्तरावरही तसाच हल्ला झालेला असतो, तेव्हा गोळ्या खाऊनही लोह चढत नाही. म्हणून थायरॉइडची गोळी सुरू करून सहा महिने झाले, टीएसएच छान आलं, तरी केस गळतातच, अशी तक्रार असेल तर फेरिटिन बघायला सांगा. आणि लोह चढतच नसेल तर टीएसएच बघायला सांगा.

माझ्यावर बेतलेलं सांगते. धाकट्याच्या वेळी बाळंतपणानंतर मला थायरॉइड निघालं. सकाळी सहाला उठायचे, कामावर निघायची घाई. थायरॉइडची गोळी, लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी, तिन्ही एकाच घोटात. वर लगेच चहा. कुणी काही सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. टीएसएच खाली येईना. दोनदा डोस वाढवला. बाळ आठ महिन्यांचं झालं तरी केसांचे पुंजके हातात येत होते, भांग बोटभर रुंद झाला होता. मी आरसा बघणं बंद केलं होतं. शेवटी एका वयस्कर डॉक्टरांनी डोस वाढवायच्या आधी विचारलं, "गोळी कशाबरोबर घेतेस गं?" लोह आणि कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीला पोटात धरून ठेवतात, ती रक्तात जातच नाही. मी इतकी वर्षं सकाळी सकाळी दुसऱ्यांचं रक्त घेत होते आणि ही गोष्ट मला माहीत नव्हती. वेळा बदलल्या आणि दोन महिन्यांत टीएसएच जागेवर आलं.

तेव्हापासून मी प्रत्येक घरी हे न विचारता सांगते. थायरॉइडची गोळी उठल्यावर अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा ते एक तास चहा, कॉफी, दूध, नाश्ता काही नाही. लोह आणि कॅल्शियम त्यानंतर किमान चार तासांनी, आणि तीही एकमेकींपासून लांब. ज्यांना सकाळी अजिबात जमत नाही त्यांनी डॉक्टरांना विचारून थायरॉइडची गोळी रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते. सॅम्पलच्या दिवशी गोळी रक्त दिल्यावर घ्यावी. डोस बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनीच तपासायचं, आठवड्यात तपासून हाती काही लागत नाही. गोळी सुरू केल्यावर पहिले एक-दोन महिने केस थोडे जास्तच गळाल्यासारखे वाटू शकतात. घाबरून गोळी बंद करू नका.

लोहाच्या गोळीबद्दल एक नवी गोष्ट कळलीय. लोह आत गेलं की यकृत हेप्सिडिन नावाचा पहारेकरी पाठवतं आणि तो साधारण दिवसभर आतड्याचं दार अर्धवट लावून ठेवतो. त्यामुळे लोह कमी असलेल्या बायकांत रोजऐवजी एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह जास्त प्रमाणात शोषलं जातं, पोटही कमी बिघडतं. गोळीने मळमळून "मला चालत नाही" म्हणून सोडून दिलेल्या बायकांनी डॉक्टरांना हे जरूर विचारावं. शी काळी होते, ती होणारच. हिमोग्लोबिन चांगलं झालं म्हणून लगेच गोळी थांबवायची नाही, साठा भरायला पुढे तीनेक महिने लागतात. आणि ती पाकिटं लहान मुलांच्या हाताला लागतील अशी टीव्हीवर, फ्रिजवर ठेवू नका. मूठभर गोळ्या खाल्ल्या तर लहान मुलाचा जीव जाऊ शकतो.

जेवणाने एकट्याने रिकामं धरण भरत नाही, पण भरलेलं टिकतं. हळीव, नाचणी, बाजरी, मोड आलेली कडधान्यं, मटण किंवा मासे चालत असतील तर तेही, कारण मांसातलं लोह सर्वांत सहज शोषलं जातं. भाजी लोखंडी कढईत, त्यातही आंबट असेल तर अधिक चांगलं. आपली नाशिकची मिसळच घ्या. मोड आलेली मटकी, वर पिळलेलं लिंबू, दोन्ही लोहाच्या बाजूचे. मोड आणल्याने लोह अडवणारे घटक कमी होतात आणि लिंबातलं क जीवनसत्त्व लोहाला आत ढकलतं. आणि मग त्याच टेबलावर चहा येतो. जेवणाबरोबरचा चहा अन्नातल्या लोहाचं शोषण निम्म्याहून कमी करू शकतो. चहा सोडा असं मी कुणाला म्हणत नाही. एक-दीड तास थांबा, एवढंच.

कॉलेज रोडच्या एका मुलीचं प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. तिचं टीएसएच फारच खाली, टी-फोर म्हणजे खुद्द थायरॉइडचं हार्मोन वर. कागदावर थायरॉइड धावतंय असं चित्र. पण ना हात थरथरत होते, ना धडधड, ना वजन घटलेलं. तिच्या टेबलावर केसांसाठीच्या गमीज, म्हणजे चघळायच्या गोळ्या होत्या, एका गोळीत दहा हजार मायक्रोग्रॅम बायोटिन हे जीवनसत्त्व. रोजची गरज तीस-चाळीसच्या आसपास. काही मशिनच्या तपासणीत खुद्द रसायनांमध्ये बायोटिनचा वापर असतो, रक्तातलं जादा बायोटिन तिथे घुसलं की आकडे खोटे येतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. तिच्या डॉक्टरांनी गमीज थांबवून पुन्हा सॅम्पल घ्यायला लावलं, सगळं नीट आलं. नाही तर नसलेल्या आजाराची औषधं सुरू झाली असती. म्हणून केसांच्या कुठल्याही गोळ्या घेत असाल तर सॅम्पल घेणाऱ्याला सांगा, आणि तपासणीच्या किमान दोन दिवस आधी थांबवा. तुमच्या मशिनला आणखी किती लागतात ते लॅबला विचारा.

साठ-साठ तपासण्यांचं 'हेअर फॉल पॅकेज' घेण्याआधी सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची तपासणी), फेरिटिन आणि टीएसएच एवढं करून डॉक्टरांना दाखवावं, असं माझं प्रामाणिक मत आहे. बी-ट्वेल्व्ह, ड जीवनसत्त्व वगैरे लागेल तसं ते सांगतील. आणि सगळीच केसगळती या दोघांपायी नसते. भांग पुढून रुंद होत चाललाय, आईचाही तसाच होता, तर ते आनुवंशिक असू शकतं आणि त्याचा उपचार वेगळा. नाण्याएवढी गुळगुळीत चाई पडली तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जायचं, आणि तिथेही थायरॉइड तपासतात, कारण दोन्ही आजार भावंडांसारखे एकत्र फिरतात. पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं लोह कमी निघालं तर गोळी देऊन गप्प बसायचं नाही. मूळव्याध, जठराचा व्रण, आतड्याचा कर्करोग, रक्त कुठून जातंय ते शोधावंच लागतं. बागेत अनवाणी काम करणाऱ्यांच्या पोटात हूकवर्म नावाचे जंत निघतात, तेही रक्त पितात. आणि ज्यांना थॅलेसेमिया मायनर हा रक्ताचा सौम्य आनुवंशिक दोष आहे त्यांच्या लाल पेशी लोह पुरेसं असतानाही लहानच दिसतात. तिथे फेरिटिन न बघता वर्षानुवर्षं लोह देणं धोक्याचं.

सिडकोतल्या ताईंचं हिमोग्लोबिन १२.१ होतं, फेरिटिन ९, टीएसएच ११. पाळीबद्दल विचारलं तर नऊ दिवस. सोनोग्राफीत फायब्रॉइड निघाला. उपचार सुरू झाले, गोळ्यांच्या वेळा त्यांनी फ्रिजवर लिहून चिकटवल्या. तीन महिन्यांनी गेले तेव्हा टीएसएच ३ वर आलं होतं, फेरिटिन २२. केस गळणं कमी झालं होतं पण वेणी तेवढीच बारीक. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, वेणीत दिसायला वर्ष लागतं, हे त्यांना पटत होतं, तरी डोळे भरले होते.

आठव्या महिन्यात पुन्हा गेले. त्या दिवशी पुड्यांचा डबा नव्हता. आरशासमोर उभ्या राहून त्या कपाळावरचे बोट-दोन बोट लांबीचे उभे केस पाणी लावून बसवत होत्या. भाचीचं लग्न होतं.

"हे बघा ना, बसतच नाहीत. तुटलेत का परत?"

मी त्यांना खिडकीशी नेलं आणि एक केस उजेडात धरला. तुटलेल्या केसाचं टोक बोथट असतं. हे टोक गव्हाच्या कुसळासारखं निमुळतं होतं, कधीच न कापलेल्या नव्या केसाचं. त्यांना ते दाखवलं, मग खुर्चीत बसवलं. जांभळ्या झाकणाची नळी सीबीसीसाठी, पिवळ्या झाकणाची फेरिटिन आणि टीएसएचसाठी. दोन्हींवर नाव आणि वेळ लिहिली. सात वाजून पाच मिनिटं. थायरॉइडची गोळी त्यांनी अजून घेतली नव्हती, आणि लोहाची दुपारी अकरानंतर घ्यायची, हे मी सांगायच्या आधी त्यांनीच मला सांगितलं.